अंताकियावाले अप्पा

मंठाळात कुणाच्याही घरी जा, प्यायला पाणी मागा आणि पिऊन झालं की तांब्या जरा निरखून बघा. काठाखाली मालकाचं नाव कोरलेलं असेल आणि त्या नावाच्या खाली, बरोबर मधोमध, एक बारीक 'मं' असेल. नाव कुणाचंही असो, 'मं' ठरलेला. हा 'मं' सिद्रामअप्पांचा.

आमच्या गावात अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. भांडं घेतलं की त्यावर नाव घालून देणं फुकट. अप्पा डोळ्याला चष्मा लावून, जीभ दातांत धरून, त्या कर्रकर्र वाजणाऱ्या मशीननं इतकं झोकदार नाव घालतात की पार अफजलपूरपासून लोक लग्नाची भांडी घ्यायला येतात. मात्र 'मं' टाकू नका म्हटलं तर भांडं काढून घेऊन परत फळीवर ठेवतील. एकदा एका लग्नात नवऱ्याच्या आईनं रुखवताची भांडी एकेक करून वाचली. सगळीकडे 'सुरेखा', आणि खाली 'मं'. बाई जागच्या जागी बसल्या. नवऱ्या मुलाचं नाव 'वि'वरून, सासऱ्याचं 'शि'वरून, मग हा 'मं' कोण? मांडवात कुजबुज सुरू झाली. शेवटी अप्पांनाच बोलावून आणलं. अप्पा अक्षता झटकत आले आणि म्हणाले, "टांकसाळीची खूण हाय ती. माल कुटं तयार झाला ते लिवायचं असतंय. अंताकियाला बी असंच करत होते."

नवऱ्याच्या मामानं विचारलं, "ते आळंदच्या पल्याड येतंय का?"

मी इथल्या पोस्टात काम करते. माझं माहेर उदगीरचं, लग्न होऊन इकडे आले. कामावर रुजू झाले त्या दिवशी हा धोतर-टोपीतला मनुष्य खिडकीशी येऊन उभा राहिला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाला, "गाव सांगा आदी." मी उदगीर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि निघून गेले. नाव त्यांनी मला पुढं चार महिन्यांनी विचारलं. माणूस असो की वस्तू, अप्पांना आधी गाव लागतं. बाकीची माहिती सावकाश चालते.

त्यानंतर त्यांची पार्सलं यायला लागली. आगपेटीएवढी पाकिटं, कधी हैदराबादहून, कधी मुंबईहून. मला वाटलं, गुडघेदुखीचं काही औषध असेल. एकदा त्यांनी माझ्यासमोरच पाकीट फोडलं. आत तांब्याची एक काळी-हिरवी चकती होती. ते मला भिंग देऊन म्हणाले, "बगा." मी बघितलं. एका कमानीखाली एक बाई बसली होती आणि तिच्या पायाशी कुणीतरी पोहत होतं.

"ही बाई म्हंजे गाव," अप्पा म्हणाले. "आन् पवायलाय ती नदी."

ते गाव म्हणजे अंताकिया. तिकडं तुर्कस्तानात, समुद्राजवळ. दीड हजार वर्षांपूर्वी तिथे रोमी राजांची आणि त्यांच्यामागून आलेल्या बायझंटाईन राजांची टांकसाळ होती. अप्पा त्या टांकसाळीची नाणी जमवतात. फक्त त्याच. राजे किती का बदलेनात, गाव बदलता कामा नये. हैदराबादच्या जुन्या बाजारातल्या त्यांच्या ओळखीच्या दुकानदारानं एकदा राजधानीतलं सोन्याचं नाणं दाखवलं, हप्त्यानं द्या म्हणाला. अप्पांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "राजधानीचं कोन बी गोळा करतंय," म्हणाले. त्या दुकानदारानं मला पुढं एकदा फोनवर सांगितलं की एवढं गिऱ्हाईक बघितलं, पण सोनं नको म्हणून तांबं मागणारं हेच एक.

"अप्पा, एवढी गावं असताना हेच कामून?" मी विचारलं होतं.

"जिद्दी गाव हाय," ते म्हणाले आणि नाणं परत कापसात गुंडाळलं. मग म्हणाले, "भूकंपानं झोपलं. उटून बसतंय न बसतंय तर दोन वर्सात दुसऱ्यांदा झोपलं. तरी टांकसाळ चालू केली. गावाचं नावच बदलून टाकलं लोकांनी, देवाचं गाव म्हनून. पुढच्या नाण्यांवर ते नवं नाव हाय."

ते सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की ती टांकसाळ ह्यांच्या आजोबांनीच चालवली असावी असं वाटावं.

नाणी ठेवायला क्रीमच्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. तो डबा देवघराखालच्या फडताळात. आणि तिथंच घात झाला. अप्पांच्या बायकोला, गंगूकाकूंना, घरात काळं भांडं म्हणून सहन होत नाही. भांडेवाल्याच्या घरात काळं भांडं दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी देवाची सगळी उपकरणं चिंचेनं घासायला काढली. त्यात तो डबाही काढला. तांबंच ते. मीठ-चिंच लावून, नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासून, धुऊन-पुसून उन्हात मांडून ठेवलं. दीड हजार वर्षांचा हिरवा-काळा थर तासाभरात मोरीतून वाहून गेला. ज्या थराला हे शौकीन लोक जिवापाड जपतात, तोच.

अप्पा दुकानातून जेवायला आले तर अंगणात नुसता लखलखाट. काकू कौतुकानं म्हणाल्या, "बगा, कसे नव्यावानी झाले!"

अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे ताटावर बसले नाहीत. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थोडं थोडं खायचे, असं काकूंनीच मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नाण्यावरच्या त्या लखलखीत बाईचा फोटो काढून मोबाईलवरच्या नाण्यांच्या शौकिनांच्या गटात टाकला. खाली एक रडणारं तोंड. शब्द एकही नाही. जगभरातून लोकांनी हळहळ केली. एकानं मात्र पोट धरून हसणारं तोंड पाठवलं, आणि मागोमाग तशाच घासून लखलखीत केलेल्या एका भल्या मोठ्या कढईचा फोटो. तो मनुष्य साबण करून विकणारा होता. नाव युसूफ, गाव अंताकिया.

अप्पांनी गाव वाचलं आणि राग विसरले.

त्या दिवसापासून हे दोघं फोनवर बोलायला लागले. चेहरे दिसतील असा फोन. आमच्या पोस्टाच्या पायरीवर रेंज चांगली मिळते, म्हणून अप्पा दुपारी तिथं येऊन बसत. युसूफला तुर्की येई, अप्पांना मराठी, कानडी आणि हैदराबादी वळणाची दखनी. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत गप्प होतील. पण अप्पांनी 'दुकान' म्हटलं की पलीकडून 'दुक्कान, दुक्कान!' असा आनंदाचा आवाज यायचा. 'साबण' म्हटलं की 'साबुन!' हवा, दुनिया, किताब, सबर, सगळं दोघांना ठाऊक. जिथं शब्द संपायचा तिथं हात लागायचे. मोबाईल भाषांतर करून देतो असं मी सुचवलं, तर अप्पा म्हणाले, "नगं बाई. आमचं चाललंय ते काय वाईट हाय?"

काय बोलत असतील, असं तुम्ही विचाराल. मी पायरीच्या आतच बसते, त्यामुळं खात्रीनं सांगते. युसूफ आज किती ऊन आहे ते सांगायचा. अप्पा आज किती ऊन आहे ते सांगायचे. मग युसूफ मोबाईल फिरवून आपली गल्ली दाखवायचा आणि अप्पा ओरडायचे, "ते बगा बाई, नदी!" नाण्यातली ती पायाशी पोहणारी नदी तिथं अजून वाहत होती. अप्पांना त्या गल्लीतला चहावाला, त्याचं लंगडं मांजर, समोरचा न्हावी, सगळी मंडळी पाठ झाली होती. आपल्या बाजूनं ते आमची खिडकी, वडाचा पार आणि मला दाखवायचे. मी तिकिटांवर शिक्के मारता मारता किती वेळा तुर्कस्तानला नमस्कार केला असेल, देव जाणे.

मग त्या फेब्रुवारीत सकाळी बातम्यांत तुर्कस्तानचा भूकंप आला. गाव ओळखू येत नव्हतं. पोस्ट उघडायच्या आधीच अप्पा पायरीवर होते. टोपी नव्हती डोक्यावर. ते फोन लावत होते, तो लागत नव्हता, आणि ते पुन्हा लावत होते.

"बाई, तार करता येती का?"

"तार कवाच बंद झाली, अप्पा."

"व्हय का," ते म्हणाले आणि परत नंबर लावला.

पुढचे कित्येक दिवस दुकान बंद. लग्नसराईतली गिऱ्हाइकं परत जात होती. गावातले काही जण हसत होते, की कुठला कोण साबणवाला आणि ह्या म्हाताऱ्यानं सुतक धरलंय. मलाही पहिल्यांदा हे जरा अतीच वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांच्या घरी गेले आणि काकूंना तसं म्हटलं. काकू तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "तुला ठावं न्हाई. तू मागनं आलीस. ह्येंची अक्का किल्लारीकडं दिलेली होती. नीलाक्का. आईमागं तिनंच ह्येंना वाडवलं. गणपती बोळवून लोक निजले आन् पाटं सगळं खाली आलं. अक्का गेली, दोन्ही लेकरं गेली. दाजी तेवढे शेतात वस्तीला व्हते म्हनून वाचले. वर्साच्या आत तेंनी दुसरं लगीन केलं. हे तवापासून त्या गावाला गेले न्हाईत. दोनदा निगाले, उमरग्यातनं परत आले."

म्हणजे ते जिद्दी गाव अप्पांनी हौसेनं धरलेलं नव्हतं. मी सूप पुढं ओढलं आणि तांदूळ निवडू लागले.

युसूफचा फोन लागला तो बऱ्याच दिवसांनी. दाढी वाढलेली, मागं तंबूचं कापड. "दुक्कान योक," तो म्हणाला. योक म्हणजे नाही. "एव योक," घर नाही. आणि मग, "आबी योक." आबी म्हणजे थोरला भाऊ. अप्पांनी हे कुणाला विचारलं नाही, त्यांना ते कळलं. बायको-मुलगी सुखरूप होती. पण युसूफ गाव सोडायचं म्हणत होता. दूर कुठंतरी मेव्हण्याकडं जाणार, साबण पुन्हा करणार नाही. "अंताकिया बित्ती," तो म्हणाला आणि हात झटकला. संपलं.

अप्पा धावत घरी जाऊन डबा घेऊन आले. भूकंपानंतरची, नव्या नावाची नाणी एकेक करून फोनसमोर धरली. "ये देखो भाई! गिऱ्या, फिर खडा हुआ! फिर गिऱ्या, फिर खडा हुआ!" युसूफ बघत राहिला. मग मान हलवून काहीतरी बोलला आणि फोन ठेवला. त्यानंतर तो फोन उचलेना.

अप्पा नाणी डब्यात भरत म्हणाले, "त्येचं बी खरं हाय. मेलेल्या राजाचं तांबं दाखवून कोनाचं मन उटतंय? जितं गाव दाखवाया पायजे." मग डब्याचं झाकण लावून म्हणाले, "बाई, रविवारी तुमाला सुट्टी असती न्हवं?"

काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू संगं जा. उमरग्याला उतरले की हात धर."

मला हात धरावा लागला. उमरग्याच्या स्टँडवर अप्पांना एकाएकी आठवलं की दुकानाला कुलूप लावलेलं नाही. मी म्हटलं, लावलंय. मग त्यांना तहान लागली. मग पुढची जीप फार भरलेली वाटली, त्याच्या पुढची फार रिकामी. शेवटी मी चिडून म्हणाले, "अप्पा, चढता का मी एकटीच जाऊन तुमचं गाव बगून येऊ?" तेव्हा कुठं ते चढले आणि सगळी वाट डोळे मिटून बसले.

अक्काचं गाव भूकंपानंतर नव्या जागी, सरळ रेषेत वसवलेलं, रुंद रस्ते, सारख्या मापाची घरं. तीस वर्षांत त्या सारख्या घरांना लोकांनी आपापल्या परीनं पडव्या, पत्रे, कठडे लावून पार वेगळं करून टाकलेलं. अप्पांनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नवव्या की दहाव्या वेळेला युसूफनं उचलला, बहुतेक कंटाळूनच.

"भाई, बात नक्को," अप्पा म्हणाले. "देख. बस देख."

आणि ते निघाले. फोन पुढं धरून, कंदील घेऊन निघाल्यासारखे. पिठाची गिरणी चालू होती, ती दाखवली. गिरणीवाल्यानं पांढऱ्या हातानं सलाम केला. शाळा दाखवली. एका दारात मांडव पडला होता, वाजंत्री वाजत होती, अप्पा सरळ आत घुसले आणि नवरदेवासमोर फोन धरून म्हणाले, "ह्येंला रामराम कर, पावणे हायत." नवरदेवानं केला. हॉटेलातल्या मंडळींनी विचारलं कोण, अप्पांनी सांगितलं, "ह्येंचं बी गाव पडलंय." एवढं ऐकल्यावर कुणी पुढं विचारलं नाही. एक म्हातारा उठला, फोन हातात घेतला आणि गावाबाहेर बाभळींत दिसणाऱ्या दगडांच्या ढिगाकडं बोट करून म्हणाला, "ते आमचं जुनं." मग पायाखालची जमीन थोपटून, "हे बी आमचंच." युसूफला मराठी येत नाही. पण तो त्या ढिगाकडं बघत राहिला, फोन ठेवला नाही.

त्यातून पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. युसूफ मेव्हण्याकडं काही महिने राहिला आणि परत गेला. पत्र्याच्या एका खोलीपुढं विटांवर कढई चढवल्याचा फोटो त्यानं पाठवला. पुढं साबणाचं एक खोकं आमच्या पोस्टात आलं, तेव्हा माझ्या सगळ्या टपालाला आठवडाभर तो वास येत होता. लोक पाकीट हुंगून घरी न्यायचे.

पण त्या रविवारी अजून एक घर उरलं होतं.

दाजी ओसरीत बाजेवर बसले होते. थकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. अप्पा पायरीखाली थबकले आणि चालू फोन माझ्या हातात दिला. दाजीच म्हणाले, "आलास व्हय, सिद्राम." आवाजावरून वाटलं, ते इतकी वर्षं ह्याच बाजेवर बसून वाट बघत होते.

आतून त्यांची दुसरी बायको, कमळाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पाय धुवायला पाणी ओतायला वाकल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची छोटी चकती पुढं आली. आमच्याकडं दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची रीत आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली एक बाई असते. सणावाराला आधी तिला निवद, मग आपण जेवायचं. हल्ली फार कुणी पाळत नाही.

अप्पांचा धुतला जाणारा पाय तसाच राहिला.

"नीलाक्का हाय," कमळाबाई म्हणाल्या. जरा लाजून, जणू कुणाची तरी ओळख करून देत होत्या. "लग्नादिवशी घातला, तवापासून काडला न्हाई." गळ्यातून काढणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी तो तळहातावर घेतला आणि खाली वाकल्या. अप्पांनी वाकून पाहिलं. वर्षानुवर्षं अंगावर घासून त्या बाईचं नाकडोळे पार पुसट झालेले, कडा गुळगुळीत. त्यांनी बोट पुढं केलं, पण टाकाला लावलं नाही.

माझ्या हातातल्या फोनमधून युसूफ हळूच म्हणाला, "सिक्के?"

"हौ भाई," अप्पा म्हणाले. "हमारे गाँव का."

चहा झाला. दाजी आणि ते पाऊसपाण्याचं बोलले. जुन्या गोष्टीतलं एक अक्षर कुणी काढलं नाही. निघताना अप्पा पायरी उतरले, चपला घातल्या, चार पावलं गेले आणि परत आले.

"तुमच्या म्हायेरी कोन हाय?" त्यांनी कमळाबाईंना विचारलं.

"आता कोन बी न्हाई, अण्णा."

"पंचमीला न्यायला येतो," अप्पा म्हणाले. "मंठाळला. झोका बांदून ठिवतो."

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. दाजी बाजेवरून आपल्या थकल्या आवाजात म्हणाले, "सिद्राम, सकाळच्या जीपनं ये. ही आदल्या दिवसापासनंच दारात बसंल."